घरच्या काचपेटीसाठी मासे कोणते निवडावेत?

जमीन न पाहता बियाणे आणणाऱ्या शेतकऱ्यास शेजारीपाजारी हसतात. काळ्या भारी जमिनीत काय घ्यावे, मुरमाड बरडावर काय टिकेल, पऱ्हाटीची कोणती जात आपल्या पावसात उभी राहील, याचा विचार आपण पेरणीपूर्वी महिना दोन महिने करीत असतो. परंतु तोच शेतकरी बाजाराच्या दिवशी अमरावतीस, अकोल्यास किंवा बऱ्हाणपुरास गेला असता मुलांच्या हट्टाखातर काचेचे एक गोल भांडे व दोन सोनमासे घेऊन येतो, तेव्हा आपल्या घरच्या पाण्याचा विचार त्याच्या मनास शिवत नाही. कार्तिकात आणलेले हे मासे माघापर्यंत बरे दिसतात. होळी उलटली की ते पाण्याच्या वरच्या थराशी येऊन तोंडे उघडू-मिटू लागतात, आणि वैशाखातल्या एखाद्या सकाळी पाण्यावर उलटे तरंगताना आढळतात. मुले रडतात, वडील माणसे "आपल्याकडे मासे टिकतच नाहीत" असा निकाल देतात, आणि भांडे माळ्यावर जाते. वस्तुतः दोष माशाचा नव्हे, आपल्या हवेचाही नव्हे. दोष निवडीचा असतो.

मासे पाळणे ही शहरातील चैन आहे, शेतकीच्या मासिकात तिचे काय प्रयोजन, अशी शंका कोणी घेईल. तिचे उत्तर दोन प्रकारचे आहे. पहिले असे की, गाय, शेळी अथवा कोंबडी पाळताना जे शास्त्र लागते तेच येथे लागते, आणि ज्यास पुढे शेततळ्यात मासे सोडावयाचे आहेत त्याची पहिली इयत्ता या लहान पेटीतच उत्तम होते. दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे. नको झालेला मासा शेवटी कोठे तरी नाल्यात सोडला जातो. आणि धारणी तालुक्यातील नाल्याचे पाणी सिपना, गडगा यांसारख्या नद्यांतून तापीस मिळते. चुकीच्या निवडीचे फळ घरापुरते राहत नाही, ते असे. यास्तव हा विषय येथे थोड्या विस्ताराने मांडीत आहो. पुढील सर्व उष्णतामान सेंटिग्रेडचे समजावे.

'थंड पाण्याचे मासे' या शब्दांचा घोटाळा

दुकानदार सोनमाशास 'थंड पाण्याचा मासा' म्हणतो आणि सांगतो की, यास पाणी तापविण्याचे यंत्र लागत नाही. हे विधान खरे आहे. परंतु ते थंड मुलखातून आलेले आहे. इंग्लंड व युरोपातील घरांत साधे न तापविलेले पाणी बहुधा १५ ते २० अंशांच्या आसपास असते. त्या पाण्यात जे मासे सुखाने राहतात ते 'थंड पाण्याचे', आणि ज्यांच्यासाठी पाणी २५ अंशांपर्यंत तापवावे लागते ते 'उष्ण पाण्याचे', अशी तेथील विभागणी आहे. आपण त्या विभागणीतील यंत्र तेवढे ध्यानात ठेवले व अंश विसरलो. मेळघाटच्या पायथ्याशी एप्रिल-मे महिन्यांत दुपारचा पारा ४० अंशांवर जातो. त्या दिवसांत टिनपत्र्याच्या घरात ठेवलेल्या काचपेटीतील न तापविलेले पाणी ३० अंशांच्या पुढे सहज चढते. यंत्र नाही म्हणून पाणी थंड, असे म्हणता येत नाही.

याच्या उलट, पौषातील पहाटे याच धारणीत अंगावर घोंगडे लागते. बारीक पेटीतील पाणी अशा रात्री बरेच उतरते. म्हणून ॲमेझॉन नदीच्या बारमाही उबदार पाण्यातील एंजल किंवा डिस्कस यांसारखे मासे येथे हिवाळ्यात आजारी पडतात. सारांश असा की, आपल्याला हिवाळ्याची थंडी व वैशाखाची काहिली ही दोन्ही सोसणारा मासा पाहिजे. असा मासा कोठे सापडेल? जेथे हेच दोन्ही ऋतू येतात त्या आपल्याच देशातील ओढ्यानद्यांत. हे एक सूत्र ध्यानात ठेवले म्हणजे पुढील सर्व निवड सोपी होते.

उष्ण पाण्यात मासा का गुदमरतो

मासा पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूवर जगतो. पाणी जितके उष्ण तितका प्राणवायू त्यात कमी विरघळतो. समुद्रसपाटीच्या दाबाखाली १५ अंशांच्या पाण्यात दर लिटरास सुमारे १० मिलिग्रॅम प्राणवायू राहू शकतो. २० अंशांस तो ९ च्या आसपास येतो, ३० अंशांस साडेसातवर आणि ३५ अंशांस सातच्याही किंचित खाली. हा झाला पुरवठा. मागणीचा हिशेब याच्या उलट चालतो. माशाचे रक्त आपल्यासारखे ठराविक उष्ण नसते; पाणी तापले की त्याच्या शरीराचे व्यापार वेगाने चालू लागतात, आणि दर १० अंशांच्या वाढीस त्याची प्राणवायूची गरज स्थूलमानाने दुप्पट होते. म्हणजे विहिरीचे पाणी आटत असता पिकास दुप्पट पाणी लागावे, तशी ही स्थिती होय.

त्यात तिसरी अडचण विष्ठेची. माशाच्या मलमूत्रातून व उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. शेणखतातील नत्राचे जमिनीत जे रूपांतर होते तेच पाण्यातही होते: एका जातीचे सूक्ष्म जंतू अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे त्याचे नायट्रेट करतात. पहिले दोन पदार्थ माशास विषारी, तिसरा पुष्कळच सौम्य आणि झाडांस खाद्य. हे जंतू वाळूवर व दगडावर वस्ती करतात. परंतु ती वस्ती जमण्यास चार ते सहा आठवडे लागतात. नवी पेटी भरून त्याच दिवशी मासे सोडले असता ते दहा-पंधरा दिवसांत मरतात त्याचे कारण हेच. शिवाय पाणी जड व क्षारयुक्त असेल, आणि आपल्या काळ्या खडकातील विहिरींचे पाणी बहुधा तसेच असते, तर अमोनियाचा विषारी अंश वाढतो. २० अंशांच्या मानाने ३० अंशांच्या पाण्यात तो सुमारे दुप्पट होतो. उन्हाळा माशास तिन्ही बाजूंनी घेरतो तो असा.

मासा आणण्यापूर्वी पाण्यास एक वैशाख पाहू द्यावा

यावरून आमची मुख्य सूचना निघते. मासे आणण्याची घाई करू नये. होळीच्या सुमारास पेटी जेथे कायम ठेवावयाची तेथे ठेवावी, धुतलेली जाड वाळू दोन इंच पसरावी, पाणी भरावे, थोड्या पाणवनस्पती लावाव्यात व वर जाळीचे झाकण घालावे, म्हणजे तीत डास अंडी घालणार नाहीत. पाण्यात बुडविण्याचा साधा काचेचा उष्णतामापक आणावा. ताप पाहण्याची नळी या कामास चालत नाही. रोज सकाळी ६ वाजता व दुपारी ३ वाजता अंश पाहून वहीत लिहावे. हे काम शाळेतील मुलामुलींवर सोपवावे. त्यांस त्याची गोडी लागते. एक दिवसाआड चिमूटभर माशांचे खाद्य रिकाम्या पाण्यात टाकीत गेल्यास वर सांगितलेल्या जंतूंची वस्तीही या अवधीत जमते.

मृगाचा पाऊस पडला म्हणजे वही उघडावी. दुपारचा आकडा सर्व उन्हाळ्यात २४-२५ अंशांच्या वर गेला नसेल, तर खऱ्या अर्थाने थंड पाण्याचे मासे तुमच्या घरी राहतील. असे पाणी धारणीच्या सखल भागात क्वचितच मिळेल. सुमारे ११०० मीटर उंचीवरील चिखलदऱ्यास जाड भिंतीच्या घरात मिळण्याचा संभव आहे. आकडा ३० पर्यंत गेला असेल तर मोठ्या हौदात साधा सोनमासा चालेल, लहान पेटीत नाही. आकडा ३० च्या पुढे पण ३४ च्या आत राहिला असेल तर आपल्या देशातील लहान मासेच घ्यावेत. त्याहूनही पुढे गेला असेल तर मासा बदलून भागणार नाही, जागा बदलावी लागेल. हे आकडे काटेकोर सीमा नव्हेत; परंतु अंदाजाने मासे आणण्यापेक्षा आकड्याने आणणे केव्हाही बरे.

पेटी किती मोठी असावी

लहान पेटी म्हणजे सोपी पेटी, हा समज उलटा आहे. पाणी जितके थोडे तितके ते लवकर तापते, लवकर निवते व लवकर बिघडते. दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच या मापाची पेटी ही आमच्या मते सर्वांत लहान मर्यादा होय. तीत काठोकाठ सुमारे ५६ लिटर पाणी मावते. वाळू घालून व वर थोडी जागा सोडून ४५ लिटर धरावे. काच, वाळू व पाणी मिळून वजन ७० किलोच्या आसपास जाते, सबब तिपाई भक्कम पाहिजे.

माशांची संख्या ठरविताना पाण्याच्या खोलीपेक्षा हवेस लागणारा पृष्ठभाग पाहावा, कारण प्राणवायू तेथूनच आत शिरतो. जुन्या पाळणाऱ्यांचा एक आडाखा असा की, सोनमाशासारख्या माशाच्या अंगाच्या दर इंच लांबीस ३० चौरस इंच पृष्ठभाग असावा, आणि उष्ण मुलखातील बारीक माशांस दर इंचास १२. वरील पेटीचा पृष्ठभाग २८८ चौरस इंच भरतो. म्हणजे तीत सोनमाशांची एकूण लांबी साडेनऊ इंचांपेक्षा अधिक होता कामा नये. आणि साधा सोनमासा नीट पोसला तर एकटाच आठ इंचांचा होतो! उलट दोन इंची बारीक मासे हिशेबाने बारा मावतात. आपल्या उन्हाळ्याकरिता त्यातून तिसरा हिस्सा वजा करावा व आठच ठेवावेत.

गोल तोंडाचे भांडे या हिशेबात बसतच नाही. त्याचे तोंड अरुंद, पाणी थोडे. ते शोभेचे असेल, माशाचे नव्हे. हवा सोडणारे विजेचे यंत्र बसविले की अधिक मासे ठेवता येतात हे खरे. परंतु आपल्याकडे वादळवाऱ्यात वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो, आणि ती जाते ती नेमकी उन्हाळ्यात. म्हणून यंत्र असले तरी मासे यंत्राच्या भरवशावर ठेवू नयेत, पाण्याच्या भरवशावर ठेवावेत.

कोणता मासा घ्यावा

सोनमासा. हा मूळचा चीन देशातील. तेथे हजार वर्षांपूर्वीपासून तो शोभेसाठी निपजविला गेला. १८ ते २४ अंशांत तो उत्तम राहतो, जड पाणी त्यास मानवते, हळूहळू सवय झाल्यास काही दिवस ३० अंशही सोसतो. परंतु तो मोठा होतो, फार खातो, पाणी फार घाण करतो व दहा वर्षांहून अधिक जगू शकतो. त्याला लहान पेटीत कोंबणे म्हणजे बैलास कोंबड्यांच्या खुराड्यात बांधणे होय. ज्यांस तो हवाच असेल त्यांनी घराच्या उत्तरेस किंवा पूर्वेस, दुपारच्या सावलीत, सिमेंटचा हौद बांधावा. चार फूट लांब, अडीच फूट रुंद व दोन फूट खोल अशा हौदात साडेपाचशे लिटरांवर पाणी मावते. त्यात साध्या लांबट जातीचे तीन किंवा चार सोनमासे ठेवावेत. फुगीर पोटाचे, दुहेरी शेपटीचे, डोक्यावर गाठी असलेले प्रकार दिसावयास सुंदर खरे, पण नाजूक असतात. नवशिक्याने त्यांच्या वाटेस जाऊ नये. नव्या हौदातील सिमेंटचा क्षार माशास मारक असतो, म्हणून हौद दोन-तीन आठवडे वारंवार भरून रिता करावा.

व्हाइट क्लाउड. चीनमधील कँटन शहराजवळच्या श्वेतमेघ नावाच्या डोंगरावरील ओढ्यांत १९३२ च्या सुमारास हा दीड इंची मासा शास्त्रज्ञांस मिळाला, त्यावरून त्याचे हे नाव. तो लहान, शांत आणि खरा थंड पाण्याचा आहे. १६ ते २२ अंश हे त्याचे सुख. पुस्तके लहान पेटीसाठी याचीच शिफारस करतात. युरोपात ती योग्य, चिखलदऱ्यास कदाचित योग्य. धारणीच्या वैशाखात मात्र तो छळ होय.

झेब्रा मासा. धारणीतील दोन फुटी पेटीस आमची पहिली पसंती यास आहे. अंगावर निळसर काळे आडवे पट्टे, लांबी दीड ते दोन इंच. हा गंगेच्या खोऱ्यातील व ईशान्येकडील उथळ ओढ्यांतील व भातखाचरांतील मासा. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ साली प्रसिद्ध केलेल्या गंगेतील माशांवरील ग्रंथात कोसी नदीतील नमुन्यावरून त्याचे वर्णन केले. आज जगभरच्या प्रयोगशाळांत शरीरशास्त्राच्या संशोधनासाठी हाच मासा पाळतात, त्यावरून त्याचा काटकपणा कळेल. हिवाळ्यात १६-१७ अंश व उन्हाळ्यात ३३-३४ अंश हे दोन्ही तो सोसतो, परंतु बदल सावकाश झाला पाहिजे. तो थव्याने राहणारा असल्याने सहापेक्षा कमी ठेवू नयेत, आणि उडी मारणारा असल्याने झाकण कधी विसरू नये.

टिक्टो. रुपेरी अंग, कल्ल्यामागे एक व शेपटीजवळ एक असे दोन काळे ठिपके. लांबी दोन ते तीन इंच. हाही हॅमिल्टन यांनीच १८२२ साली वर्णिला. ह्याचा पसारा भारतात सर्वदूर आहे. विणीच्या हंगामात नराच्या अंगावर तांबूस छटा चढते. जड पाणी व उष्णता यांची त्यास सवय असते. दोन फुटी पेटीत पाच-सहा पुरे. ह्याचाच भाऊबंद, दुकानात रोझी बार्ब या नावाने मिळणारा लाल मासा, थंडी उत्तम सोसतो, पण तीन-चार इंच वाढतो व उन्हाळ्यास टिक्टोइतका टिकत नाही; तो तीन फुटी पेटीखेरीज घेऊ नये.

दांडवण. डोळ्यापासून शेपटीपर्यंत एकच काळी रेघ असलेला हा चपळ मासा पश्चिम महाराष्ट्रात या नावाने ओळखला जातो. गावोगावी नावे निराळी. डासांच्या अळ्या तो आवडीने खातो. परंतु चार इंचांवर वाढतो व काचेस धडकून जखमी होतो. काचपेटीपेक्षा बागेच्या किंवा गुरांच्या हौदास तो अधिक योग्य.

एका पेटीत अनेक जाती भरण्याचा मोह टाळावा. आठ झेब्रे, किंवा पाच-सहा टिक्टो, यांपैकी एक निवडावे. एका जातीचा थवा एकदम वळताना जो दिसतो, त्याची सर पाच जातींच्या खिचडीस येत नाही.

कोणते मासे आणू नयेत

कटला, रोहू, मृगळ यांची बोटुकली स्वस्त मिळतात म्हणून पेटीत घालू नयेत. ते तळ्याचे मासे आहेत. मरळ चिवट खरा, हवेतून श्वास घेतो; पण तो शिकारी असून दोन फुटांवर वाढतो. आफ्रिकन मागूर तर पाळूच नये. त्याच्या पालनास केंद्र शासनाने २००० साली बंदी घातली, कारण तो सुटला तर देशी मासळी खाऊन फस्त करतो.

गप्पी व गंबुझिया या दोहोंविषयी विशेष सांगणे आहे. दोन्ही परदेशी, पहिला १९०८ साली व दुसरा १९२८ साली डास-निर्मूलनासाठी हिंदुस्थानात आणला गेला. डासांच्या अळ्या ते खातात यात संशय नाही, आणि मेळघाटसारख्या हिवतापाच्या मुलखात त्या कामाचे मोल मोठे आहे. आरोग्य खाते बंदिस्त टाक्यांत वा डबक्यांत गप्पी सोडते ते याच हेतूने. परंतु गंबुझिया इतर माशांची अंडी व पिले यांवरही तुटून पडतो. जगातील सर्वांत उपद्रवी शंभर आगंतुक जीवांच्या यादीत त्याचे नाव आहे. दोन्ही जाती अंडी न घालता जिवंत पिलेच प्रसवतात, त्यामुळे एक गाभण मादी नाल्यात पोचली तरी वंश सुरू होतो. बंद हौदात गप्पी ठेवणे निराळे, वाहत्या पाण्यात सोडणे निराळे. पावसाळ्यात जो हौद भरून नाल्यास वाहतो, त्यात परदेशी मासा ठेवू नये, हा नियम घरात सर्वांस सांगून ठेवावा.

दुसरीही एक मर्यादा आहे. देशी मासे चांगले, म्हणून ते जंगलातील नदीतून धरून आणावेत असा अर्थ कोणी घेऊ नये. मेळघाट हा १९७३-७४ साली स्थापन झालेल्या पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांपैकी एक आहे, आणि संरक्षित क्षेत्रातून जीव धरणे हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये अपराध होतो. पेटीत निपजलेले मासे विश्वासू विक्रेत्याकडून घ्यावेत. ते बंद पाण्यास सरावलेलेही असतात.

आणणे व निगा

मासे आणण्यास पावसाळ्याचा उत्तरार्ध ते मार्गशीर्ष हा काळ उत्तम. प्रवास पहाटे किंवा रात्री करावा. पिशवी उन्हात किंवा गाडीच्या तापलेल्या पेटाऱ्यात ठेवू नये. घरी आल्यावर पिशवी तशीच पंधरा-वीस मिनिटे पेटीतील पाण्यावर तरंगत ठेवावी, मग थोडे थोडे पाणी तीत मिसळावे, आणि नंतर मासे जाळीने उचलून सोडावेत. पिशवीतील पाणी पेटीत ओतू नये. पुढे कधी नवे मासे आणले तर दोन-तीन आठवडे वेगळ्या भांड्यात ठेवून, रोग नाही अशी खात्री करूनच जुन्यांत मिसळावेत.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो, आणि विहिरीच्या ताज्या पाण्यात प्राणवायू थोडा असतो; म्हणून कोणतेही पाणी उघड्या भांड्यात चोवीस तास ठेवून, ढवळून मगच वापरावे. दर आठवड्यास चौथा हिस्सा पाणी बदलावे. सर्व पाणी एकदम काढून, वाळू घासून धुण्याची जी चाल आहे ती वाईट. तीत उपयोगी जंतूंची वस्तीच धुतली जाते. काढलेले पाणी नाल्यात न ओतता परसातील वांग्या-मिरच्यांस घालावे. त्यातील नायट्रेट त्यांच्या उपयोगी पडतो.

अन्न दिवसातून एक किंवा दोन वेळा, दोन मिनिटांत संपेल इतकेच द्यावे, आणि आठवड्यातून एक दिवस उपास घडवावा. भात, भाकरीचा चुरा किंवा ज्वारीचे पीठ घालू नये. त्याने पाणी आंबते. उपासाने मेलेले मासे थोडे, अति अन्नाने मेलेले पुष्कळ.

शेतकऱ्याच्या घरी आणखी एक धोका असतो, तो फवारणीच्या औषधांचा. ज्या बादलीत औषध कालविले ती कितीही धुतली तरी पेटीच्या पाण्यास लावू नये, आणि फवारणी करून आलेल्या हाताने पेटीस स्पर्श करू नये. डास मारण्याच्या फवाऱ्यांत व वड्यांत जी द्रव्ये बहुधा असतात ती माशांस अत्यंत विषारी आहेत. त्यांचा उपयोग करणे भाग पडल्यास पेटी झाकून घ्यावी किंवा दुसऱ्या खोलीत करावा.

वैशाखातील उपाय

पेटी पत्र्याखाली, पश्चिमेच्या भिंतीस किंवा खिडकीच्या उन्हात ठेवू नये. मातीच्या भिंतीची, कौलारू आढ्याची आतली खोली सर्वांत बरी. वऱ्हाडचा उन्हाळा कडक असला तरी कोरडा असतो, हा आपला मोठा लाभ आहे. माठातील पाणी ज्या न्यायाने निवते त्याच न्यायाने हौदही निवतो: हौदाच्या भिंतीस बाहेरून ओले गोणपाट गुंडाळावे, किंवा पेटीजवळच्या खिडकीस वाळ्याचा ओला पडदा लावावा. पेटीवर काचेऐवजी जाळीचे झाकण ठेवल्यास पाण्याची वाफ मोकळी होऊन पाणी दोन-तीन अंशांनी तरी उतरते. आटलेले पाणी मात्र रोज भरावे. बर्फाचे खडे पाण्यात टाकू नयेत. एकाएकी झालेला बदल उष्णतेपेक्षाही वाईट. अगदी निकड पडल्यास बंद बाटलीत गोठविलेले पाणी तरंगत ठेवावे.

या दिवसांत अन्न निम्मे करावे. पहाटे मासे वर येऊन तोंडे उघडीत असतील तर प्राणवायू संपत आला असे समजावे. कारण रात्री पाणवनस्पतीही प्राणवायू घेतात व पहाटे तो सर्वांत कमी असतो. अशा वेळी मुरवून ठेवलेले, तितक्याच उष्णतेचे पाणी तांब्याने उंचावरून धार धरून ओतावे व वनस्पती थोड्या कमी कराव्यात. हा उपाय वारंवार करावा लागत असेल, तर पेटीत मासे जास्त झाले हा त्याचा स्पष्ट अर्थ आहे.

असो. शेवटी सर्वांचे सार एवढेच की, आधी पाणी ओळखावे, मग मासा निवडावा. पुस्तकात 'थंड पाण्याचा' म्हटलेला मासा ज्या देशाच्या थंडीत राहतो तो देश आपला नव्हे. ज्या घरी वहीतले उन्हाळ्याचे आकडे वाचून आठ झेब्रे आणले, त्या घरातील मुले पुढच्या वैशाखात रडणार नाहीत. आणि काही कारणाने पेटी मोडावी लागली तर मासे शेजाऱ्यास द्यावेत, विक्रेत्यास परत करावेत, पण सिपनेच्या पाण्यात सोडू नयेत. त्या पाण्यात आपली मासळी आपल्याही आधीपासून राहत आहे.